जयवंताचे उपास

जयवंता आमच्या घरी आली १४ जून १९७० रोजी, रविवारी, काटोलहून येणाऱ्या सकाळच्या गाडीने. बरोबर तिचे वडील रुपराव, म्हणजे माझे धाकटे दीर, एक पत्र्याची पेटी आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी. पोरीचं वय तेरा. गावात सातवीपर्यंतच शाळा होती, म्हणून आठवीपासून तिने नागपुरात आमच्याकडे राहून शिकायचं असं ठरलं होतं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. माझे यजमान मधुकरराव तार ऑफिसात होते आणि धंतोलीतलं आमचं तीन खोल्यांचं घर दोन माणसांना मोठंच होतं.

जाताना रुपराव दारात थांबून म्हणाले, "वहिनी, पोरगी खाते बरं चांगली. लाजू देऊ नका तिले."

मी हसून म्हटलं, "भाऊजी, इथे काय कमी आहे?"

त्या दुपारी जयवंताने चार भाकरी, आंबाडीची भाजी आणि वरण-भात खाल्ला. चांगल्या उंचीची, रुंद खांद्यांची, उन्हाने रापलेली पोर. जेवताना ती कुणाकडे बघत नसे, मन लावून जेवत असे. मला ते बघून गंमत वाटली आणि ते मी वहीत लिहिलं.

वहीबद्दल सांगायला हवं. मी नऊ वर्षांची असताना आमच्या कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरनी मला रोजनिशी लिहायची सवय लावली. तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही. कोण आलं, कुणाचं पत्र आलं, काय रांधलं, कोणी किती खाल्लं, सगळं त्यात असे. त्यात कंजूषपणा नव्हता. पण ती ताटावरून उठली की मी पेन उघडायची, हे त्या पोरीला रोज दिसत होतं. पंधराएक दिवसांनी तिने विचारलं, "काकू, माह्या भाकरी लिहिता काय तुम्ही?"

"माह्या नाही, माझ्या," मी म्हटलं. "आणि मी सगळंच लिहिते."

दुसऱ्या दिवसापासून ती तीन भाकरी खाऊ लागली. मी तेही लिहिलं.

तिला वळण लावायचं मी मनावर घेतलं होतं. तोंड मिटून चावायचं, ताटात बोटं चाटायची नाहीत, 'मले-तुले' म्हणायचं नाही, दाणदाण पाय आपटत चालायचं नाही. ती सगळं निमूट ऐकायची. चुकली की मी सांगायची. चुकली नाही की काही सांगायची नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय असतं, असंच माझ्या शाळेत होतं.

मार्च १९७१ मध्ये मधुकररावांच्या मावसभावाला पोचवायला आम्ही तिघं स्टेशनवर गेलो. गाडी गेल्यावर परतताना फलाटावरच्या वजनाच्या यंत्रापाशी जयवंता रेंगाळली. दहा पैशांचं नाणं टाकलं की दिवे फिरायचे आणि खालून कार्ड पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. तिने आयुष्यात पहिल्यांदा वजन केलं. एकोणपन्नास किलो. भविष्य होतं, 'आपणांस लवकरच मान मिळेल.'

कार्ड माझ्या हातात देत ती म्हणाली, "काकू, हे बरं हाय का?"

मी तेव्हा म्हटलेलं वाक्य मला अक्षरशः पाठ आहे, कारण तेही मी लिहून ठेवलं. "एकोणपन्नास? तुझ्या वयात मी नव्वद पौंड होते. म्हणजे चाळीस किलो."

मधुकरराव हसले. "अगं, ती संत्र्याच्या बागेतली आहे आणि तू कॉन्व्हेंटातली. ती खाते, तू प्रार्थना करायचीस."

जयवंताही हसली. पण परत येताना सायकलरिक्षात ती अगदी कडेला, एका मांडीवर बसली होती. मी म्हटलं, "नीट बस, पडशील." तर म्हणाली, "तुमाले जागा व्हावी म्हणून."

त्या श्रावणात मी सोमवार धरले होते. २६ जुलैला, पहिल्या सोमवारी, सकाळी जयवंता न्हाऊन आली आणि म्हणाली, "काकू, मी पण धरू काय?"

मला फार बरं वाटलं. मी तिला जवळ घेतलं. तशी मी तिला कधी घेत नसे. म्हटलं, "शाब्बास. इतक्या लहान वयात देवाचं सुचलं." दुपारी साबुदाण्याची खिचडी केली तर ती म्हणाली, "मी फक्त पाणी घेईन." संध्याकाळी एक केळं खाल्लं. शेजारच्या प्रयागबाई हळदीकुंकवाला आल्या होत्या. त्यांना मी मुद्दाम सांगितलं.

"पुण्यवान हाय वं तुमची पोरगी," प्रयागबाई म्हणाल्या. "आमची मंगला पाहा. उपास म्हणते आन् सकाळपासून शेंगदाण्याचा डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. फुगून राहिली नुसती."

श्रावण संपला, पण जयवंताने सोमवार सोडले नाहीत, सोळा करते म्हणाली. मग गुरुवार आले, कारण शाळेतली कुणी मैत्रीण करायची. मग एकादशी, चतुर्थी. दसऱ्यानंतर शनिवार. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती म्हणे, "काकू, स्टेशनवर जाऊ या ना." मलाही तेवढंच फिरणं होई. आम्ही फलाट तिकीट काढायचो, गाड्या बघायचो आणि कार्ड घेऊन यायचो. मी ती कार्डं वहीत चिकटवून ठेवली. सेहेचाळीस. चव्वेचाळीस. एकेचाळीस. दर वेळी मी म्हणायची, "बघ, किती हलकी झालीस." तिचा चेहरा उजळायचा. गावाहून संत्र्यांची करंडी आली की ती सगळ्या आळीत वाटायची आणि लोक म्हणायचे, किती उदार मनाची पोर.

मला दिसत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. वहीत आहे. डिसेंबरात, 'कंगव्यात केस फार.' जानेवारीत, 'हात बर्फासारखे. दोन स्वेटर घालते.' कोपरापासून मनगटापर्यंत तिच्या हातावर बारीक लव आली होती, तीही मी लिहिली आहे.

आमच्या घरी सासूबाईंच्या वेळेपासूनचा रिवाज होता. महिन्याचे तीन दिवस मागच्या पडवीत बाजूला बसायचं. जयवंता बसली की मी तारखेवर लाल पेन्सिलीने फुली करायची. १९७२ च्या फेब्रुवारीत फुली पडली नाही. मार्चमध्ये नाही, एप्रिलमध्ये नाही. मधुकरराव ऑफिसला गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि तिला समोर उभं केलं. मी जे विचारलं ते कोणत्याही पोरीला कोणी विचारू नये.

"कोण आहे तो? खरं सांग."

"कोन म्हणजे?" ती म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं. कळलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली.

मी एवढ्यावर थांबले नाही. सुईणीचं काम केलेल्या शोभाताई ओळखीच्या होत्या, त्यांना बोलावलं. त्यांनी तिचं पोट चाचपून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "बाई, तसलं काही नाही. पण पोरीच्या अंगावर मांस कुठे आहे? रक्त कुठून येईल?"

मी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं. त्या दिवसाच्या पानावर 'देवाची कृपा' असं लिहिलं आहे. शोभाताईंचं दुसरं वाक्य खाली आहे, पण त्यावर मी काही केलं नाही.

ऑगस्टमध्ये शाळेच्या प्रार्थनेत जयवंता उभ्या उभ्या कोसळली. मास्तरांनी रिक्षात घालून घरी पाठवली. आम्ही तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. वजन तेहतीस किलो. त्यांनी छाती तपासली, फोटो काढायला लावला, फोटोत उजव्या बाजूला एक पुसटसा डाग दिसत होता.

"खोकला?"

"थंडीत होता थोडा."

"जेवते कशी?"

हे कुणाला उद्देशून विचारलं म्हणावं? जयवंता खाली बघत होती. मधुकरराव माझ्याकडे बघत होते, कारण स्वयंपाकघरातलं मला माहीत. मी म्हटलं, "व्यवस्थित जेवते. आमच्याबरोबरच."

हे मी का म्हटलं ते मला त्याच क्षणी माहीत होतं. दिराची मुलगी, शिकायला ठेवलेली. दीड वर्षापूर्वी एकोणपन्नास किलो आणि आता तेहतीस. लोक काय म्हणतील? ठेवलेल्या पोरीला उपाशी मारली. स्वतःचं मूल असतं तर कळलं असतं भूक काय असते ते. असं म्हणणाऱ्या बायकांचे आवाज माझ्या कानात बोलूही लागले होते. आजार निघाला तर आजाराचा दोष, माझा नाही. डॉक्टरांनी मान हलवली. अशी व्यवस्थित जेवणारी मुलगी वाळते आहे, फोटोत डाग आहे, म्हणजे क्षयच. नव्वद इंजेक्शनं, रोज एक, रविवारीसुद्धा, शिवाय गोळ्या. त्यांचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांना मी सांगितलं ते त्यांनी धरलं.

२१ ऑगस्टला पहिलं इंजेक्शन झालं. ती कधी कण्हली नाही. कंपाउंडर म्हणायचा, "ही पोरगी लाकडाची हाय काय गा? हालतच नाही." उपास चालूच होते. आता मी म्हणे, "आजारात उपास माफ असतात," आणि ती म्हणे, "देवाचं मधेच सोडू नये, तुम्हीच म्हणता ना."

चाळिसाव्या इंजेक्शनच्या सुमाराला ती म्हणाली, "काकू, कानात भुंगा बोलून राहिला."

"अशक्तपणा आहे."

"रात्रंदिवस बोलते."

डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, ही इंजेक्शनं कधी कानांना बाधतात, कानात आवाज आले, चक्कर आली तर लगेच यायचं. मी गेले नाही. गेले असते तर त्यांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा विचारलं असतं, जेवण धरून. शिवाय पन्नासच तर उरली होती, घेतलेलं काम पुरं करायचं अशी माझी शिस्त. मी दिवस मोजत राहिले. त्या महिन्यात ती भिंतीला हात लावून चालू लागली. मी डावीकडून हाक मारली तर वळत नसे. एकदा रागावून मी म्हटलं, "बहिरी झालीस का?" हे वाक्य मात्र मी वहीत लिहिलेलं नाही.

२६ ऑक्टोबरला रुपराव तिला दिवाळीच्या सुट्टीसाठी न्यायला आले. क्षयाचं त्यांना पत्राने कळवलं होतं, पण डोळ्यांनी त्यांनी तिला पाच महिन्यांत पाहिलं नव्हतं. दारात तिला बघून त्यांनी पायातली चप्पलही काढली नाही. तिचं मनगट आपल्या अंगठ्यात आणि एका बोटात धरलं आणि तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "चला, मोठ्या दवाखान्यात."

तिथे डॉक्टर फुलझेले बाई होत्या, तरुण, नुकत्या लागलेल्या. त्यांनी जयवंताच्या मागे उभं राहून हळू हाक मारली, मग मोठ्याने. मग कागदावर काहीतरी लिहून म्हणाल्या, "इंजेक्शन आजपासून बंद. किती झाली?"

"सहासष्ट," मी म्हटलं.

"घरी काय खाते?"

"सगळं खाते."

त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि जयवंताच्या उजव्या कानाशी वाकून तोच प्रश्न विचारला. जयवंता थोडा वेळ विचार करून म्हणाली, "काकूले विचारा. त्या लिहून ठेवतात."

"काय लिहून ठेवतात?"

"मी काय खाते ते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. खोलीत माहिती कुणाजवळ आहे एवढंच तिने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, रुपरावांनीही. मी म्हटलं, "घरातली साधी वही आहे. त्यात असलं काही नसतं."

"बरं," बाई म्हणाल्या. "सापडलंच काही तर उद्या आणा. हा क्षय आहे असं मला वाटत नाही. पण नक्की कळल्याशिवाय गोळ्या बंद करता येणार नाहीत."

घरी आलो. मी पानं वाढली. रुपराव लेकीच्या शेजारी बसले. भाकरी मोडून तिच्या ताटात ठेवत म्हणाले, "खाय ना माय." तिने तुकडा उचलला, वरणात बुडवला, पुन्हा ताटात ठेवला, हातानेच दुसऱ्या बाजूला सारला. असं ती किती तरी वेळ करत राहिली. अन्न ताटभर फिरत होतं आणि कमी होत नव्हतं. मी हे वर्षभर पाहिलं होतं. रुपराव पहिल्यांदा पाहत होते. त्यांचा स्वतःचा घास तसाच राहिला.

"काहून वं? कडू लागते?"

तिला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मोठ्याने, तेव्हा ती रडू लागली.

मी आत जाऊन १९७१ आणि १९७२ च्या वह्या काढल्या. पानं फाडावी असं मनात आलं होतं, हे लपवत नाही. आणून रुपरावांसमोर अंगणात पाटावर बसले. त्यांना जोडाक्षरं वाचायला वेळ लागायचा, म्हणून मीच वाचून दाखवलं. एक सबंध आठवडा असा होता: 'सोम. उपास, पाणी व एक केळं. मंगळ. अंगारकी, काही नाही. बुध. अर्धी पोळी, वरण नको म्हणाली. गुरु. उपास. शुक्र. डोकं दुखतं म्हणून फक्त ताक. शनि. उपास. रवि. स्टेशन. छत्तीस किलो.' खाली माझा शेरा होता: 'पोरीचा निग्रह वाखाणण्यासारखा.'

"निग्रह म्हणजे काय, वहिनी?"

मी सांगितलं.

मधुकरराव दारात उभे होते. रुपराव अगदी सावकाश म्हणाले, "तुमाले लिहाले आलं वहिनी. सांगाले नाही आलं."

त्यांनी आवाज चढवला असता तर मी सहन केलं असतं. ते उठले आणि नळावर जाऊन तोंड धुऊ लागले.

दुसऱ्या दिवशी वह्या घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. फुलझेले बाईंनी अर्धा तास पानं उलटली, कार्डं पाहिली, लाल फुल्या कुठे संपतात ते पाहिलं. म्हणाल्या, "यात सगळं आहे. हे ऑगस्टमध्ये कुणी पाहिलं असतं तर इंजेक्शनाचा प्रश्नच आला नसता." मग मला वेगळं सांगितलं, "मुली अशा राहतात उपाशी. शहरात राहतात, खेड्यातही राहतात. देवाचं नाव असलं की घरात कुणी हटकत नाही, उलट कौतुक होतं. आता हिच्या खाण्याचं कौतुक नको, निंदा नको, वजन नको. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. आणि कुणी मोजायचं नाही."

'कुणी' म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

रुपराव तिला गावी घेऊन गेले ते कायमचंच. तिची आई पंचफुला रोज तिच्याबरोबर एकाच ताटात जेवायची, असं मला नंतर कळलं. बोलायची नाही, नुसती जेवायची. अंगावर पुन्हा मांस यायला दोन वर्षं लागली. डावा कान गेला तो गेलाच, उजव्यात निम्मं राहिलं. वर्गात ऐकू येईना म्हणून शाळा सुटली. गणितात ती वर्गात दुसरी होती. मग काटोलला शिवण शिकली, एकोणऐंशी साली लग्न झालं. नवरा चंपतराव एसटीच्या डेपोत कामाला, शांत माणूस. दोन मुलं. तिच्या हातचे ब्लाऊज काटोलात नाव घेण्यासारखे आहेत. गिऱ्हाइकांशी ती ओठांकडे बघून बोलते, आणि गर्दीत, लग्नाकार्यात ती जात नाही. सगळ्यांची जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवते. हे चंपतरावांनी मला सांगितलं, कौतुकाने, की बघा किती मागे राहून खाते.

लग्नात, बारशात, मधुकरराव चौऱ्याऐंशी साली गेले तेव्हा, अशी ती मला किती वेळा भेटली. दर वेळी पाया पडली. मी रुपरावांना सांगितलं होतं, डॉक्टरांना सांगितलं होतं. तिला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या शाळेचं आणि कानाचं जे झालं ते माझ्या एका वाक्याने झालं, हे तिच्यासमोर माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

या जानेवारीत मी काटोलला गेले. दुपारची वेळ, मुलं शाळेत. ती मशीनवर होती. मी तिच्या शेजारी स्टुलावर बसले आणि जे ठरवून आले होते ते बोलून टाकलं: डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं, माझी इज्जत वाचवायला, भुंग्याचं सांगितलंस तेव्हाही गेले नाही. पुष्कळ बोलले. ती शिवत राहिली. मग मशीन थांबवून तिने मान वळवली.

"काकू, काही म्हटलं काय? इकून बसा. त्या कानाले नाही ऐकू येत."

मी डाव्या बाजूला बसले होते. इतकी वर्षं माहीत असून. मुद्दाम बसले का, ते माझं मलाच नक्की सांगता येत नाही. मी स्टूल उचलून उजवीकडे ठेवलं आणि पुन्हा सगळं सांगितलं, मोठ्याने, तिच्या डोळ्यांसमोर ओठ हलवत. पहिल्यापेक्षा ते फार अवघड गेलं.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "बाबानं सांगतलं होतं मले, तेव्हाच."

"मग इतकी वर्षं तू काही..."

"काय म्हणू?" ती सुईत दोरा ओवू लागली. "आन् तुमच्या बोलण्यानंच उपाशी राहत होती असं नाही काकू. भूक तर लागे मले. लई लागे. पण त्या पहिल्या सोमवारी तुम्ही मले पोटाशी धरलं. शाब्बास म्हटलं. त्याच्या आंधी कधी म्हटलं नव्हतं, कशालेच. गणितात दुसरी आली तरी नाही." दोरा ओवला गेला. "मग वाटे, एक दिवस आणखीन राहू. पुन्हा म्हणतील."

तिने मला पाणी दिलं.

थोड्या वेळाने मी विचारलं, हे लिहू का, दुसऱ्या घरांतल्या बायका वाचतील. ती ओठांकडे बघत होती. म्हणाली, "लिहा. पन नाव माहंच टाका. खोटं नाव टाकलं तर म्हणतील, बनवलेली गोष्ट हाय."

'माहं' मी दुरुस्त केलं नाही.